नवे पेरा, पण बियाणे राखून

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणी आरोग्यावर बोलावे, कोणी मुलांच्या संगोपनावर, कोणी एखादे आख्यान लावावे, अशी आपल्याकडील रीत आहे. यंदा कार्यकारिणीने बोलण्याचे काम मजवर सोपविले आणि विषय विचारला. मी म्हटले, "संगणक अपडेट होतो आणि बंद पडतो, त्याविषयी बोलेन." ते ऐकून आमच्या एक वहिनी म्हणाल्या, "अगबाई, हा काय हळदीकुंकवाच्या दिवशीचा विषय? तो दुरुस्तीवाल्याला सांग!"

वहिनींचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. संगणक हा आपला विषय नव्हे असे आपणांपैकी पुष्कळजणींना वाटते. पण जरा विचार करून पाहा. घरचे रेशन अंगठा लावून मिळते, सातबाराचा उतारा छापून मिळतो, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पडद्यावर भरावा लागतो, बचतगटाचे कर्ज बँकेच्या संगणकातून मंजूर होते. चूल पेटली नाही तर ती बाईची अडचण, हे सर्वांना पटते. मग ज्या यंत्रावर आज निम्मा संसार चालतो ते पेटले नाही, तर ती कोणाची अडचण?

आणि हा विषय निवडण्याला आणखी एक कारण आहे. मला आपणां सर्वांपुढे एक कबुली द्यावयाची आहे. ती शेवटपर्यंत राखून न ठेवता मी आरंभीच देते.

गोष्ट मार्च २०२३ मधील आहे. मंडळाच्या बचतीचा आणि अंतर्गत कर्जाचा हिशेब त्या वेळी माझ्याकडे होता. सभासद बेचाळीस. सहा वर्षांचा हिशेब आपल्या कचेरीतल्या जुन्या संगणकात मी स्वतः भरलेला. मला त्याचा अभिमान होता, नव्हे, थोडा ताठाच होता. एका सभेत मी असेही म्हटले होते की, आता संगणक आला, तेव्हा सभासदांच्या पासबुकांवर छपाईचा खर्च कशाला? थोरल्या आक्कांनी ते ऐकले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "असू दे बाई. वही काही खायला मागत नाही." पासबुके चालू राहिली. मी मनातून नाराज झाले.

मार्चअखेरची गडबड होती. एका सायंकाळी काम आटोपून संगणक बंद करावयास गेले, तो पडद्यावर 'अपडेट करा आणि बंद करा' असे आले. मी बोट दाबले. टक्के चढू लागले. तिसाच्या पुढे कोठेतरी आकडा गेला असेल नसेल, आणि वीज गेली. आपल्याकडे वीज जाणे ही काही बातमी नव्हे. तासाभराने ती आली. पण संगणक काही आला नाही. वर्तुळ फिरत राही, मग निळा पडदा येई, त्यावर रडव्या तोंडाचे चित्र, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा पिशवीत घालून एस.टी.ने तालुक्याला नेला. दुकानातल्या मुलाने पाहिले आणि विचारले, "ताई, नव्याने भरून देऊ का?" मी म्हटले, "दे बाबा, लवकर दे." भरून देणे म्हणजे आधी सारे पुसून टाकणे, हे मला ठाऊक नव्हते. आत काही ठेवायचे आहे का, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दोन तासांत त्याने संगणक चालू करून दिला. घरी येऊन पाहते तो काय, सारे कसे लखलखीत स्वच्छ! सारवलेल्या अंगणासारखे. सहा वर्षांचा हिशेब त्यात नव्हता.

भगिनींनो, दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाईंच्या घरी जाऊन रडले. त्यांनी मला रागे भरले नाही. म्हणाल्या, "सगळ्यांची पासबुके गोळा करा."

मग ज्या पासबुकांवरचा खर्च मला वायफळ वाटत होता, ती बाहेर निघाली. कोणाचे तांदळाच्या डब्यातून, कोणाचे ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीतून, एकीचे तर देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही जपून ठेवलेली. आठ दिवस आम्ही चौघीजणी कंदिलाखाली बसावे तशा बसलो आणि पै-पैचा हिशेब पुन्हा उभा केला. बेचाळिसांपैकी एकेचाळीस खाती जुळली.

बेचाळिसावी भगिनी ऊसतोडीला गेली होती. ती परत आली तेव्हा कळले की तिचे पासबुक कोपीवर पावसात भिजून लगदा झाले होते. तिने शेळ्यांसाठी १२,००० रुपये घेतले होते, महिना हजाराच्या हप्त्याने. तिचे म्हणणे, अकरा हप्ते भरले, एक राहिला. सभेत एकेक बाई आठवणीने सांगू लागली: अमुक हप्ता माझ्या नातीच्या बारशाच्या दिवशी तिने माझ्या देखत भरला, अमुक वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. अशी नऊ हप्त्यांची साक्ष निघाली. दोहोंची निघेना. ते दोन हप्ते तिने भरले होते, हे मला पक्के ठाऊक होते, कारण ते मीच घेतले होते. पण जिने हिशेब घालविला तिच्याच शब्दाला त्या दिवशी किती किंमत असणार? कोणीतरी मागून म्हणाले, "पुरावा काय?" निर्णय पुढील सभेवर गेला. पुढची सभा होण्यापूर्वीच त्या भगिनीने एक शेळी विकली आणि ते दोन हजार पुन्हा आणून भरले. म्हणाली, "माझ्या नावावर कुणी बोट ठेवायला नको."

ते दोन हजार रुपये मला आजवर बोचत आहेत. एका बोटाच्या दाबाने कोणाचे नुकसान झाले तर ते माझे नव्हे, जिच्याजवळ सर्वांत कमी होते तिचे झाले. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगावयास नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. सहकार विश्वासावर चालतो हे खरे; पण विश्वास टिकतो तो चोख वहीवर.

या प्रसंगानंतर मी निश्चय केला की, हे असे का होते ते आपण समजून घ्यावयाचे. जे समजले ते आपल्या भाषेत सांगते.

संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्याच्या आत एक कारभारीण असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण कार्यप्रणाली म्हणू. बोट पडले ते अक्षर कोठे उमटवावयाचे, कागद कोणत्या कपाटात ठेवावयाचा, छपाईच्या यंत्राला केव्हा हाक मारावयाची, हे सारे ती पाहते. ही कारभारीण माणसांनीच लिहून केलेली असल्यामुळे तिच्यात चुका राहतात. कोठे भिंतीला भोक असते, तेथून चोर शिरू शकतो. असे भोक सापडले की कंपनी ते बुजविण्याचे साहित्य पाठविते. तेच अपडेट. मायक्रोसॉफ्ट कंपनी तर २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही डागडुजी नियमाने पाठवीत आली आहे. आपला आठवडे बाजाराचा वार ठरलेला असतो ना, तसा हा महिन्याचा वार.

मग डागडुजीने घर पडते कसे? मला तीन कारणे दिसली. पहिले म्हणजे, काम चालू असता वीज जाणे. जुने चिरे काढून नवे बसविण्याचे काम अर्ध्यावर असते, आणि गवंडी निघून जातो. बहुतेक वेळा प्रणाली आपण होऊन मागे फिरते आणि जुनी घडी पुन्हा बसविते; पण दर वेळी ते साधतेच असे नाही. दुसरे म्हणजे, यंत्र जुने आणि साहित्य नवे. छपाईयंत्र, पडदा, आवाज यांना चालविणाऱ्या लहानसहान आज्ञावल्या नव्या प्रणालीशी जुळत नाहीत. आणि तिसरे म्हणजे, पाठविलेले साहित्यच सदोष असणे.

त्या निळ्या पडद्याविषयीही थोडे सांगते, कारण त्याची मला फार भीती बसली होती. तो पडदा म्हणजे संगणक मेल्याची खूण नव्हे. आतल्या माजघरात काही भलतेच घडले, पुढे चालत राहिलो तर आणखी नासधूस होईल, असे दिसताच प्रणाली हेतुपुरस्सर थांबते. दूध उतू जाऊ लागले की आपण आधी गॅस बंद करतो, तसे ते आहे. आणि मुख्य गोष्ट ही की, संगणक सुरू होत नाही याचा अर्थ आतले कागद गेले असा नव्हे. दार अडकले आहे, कपाट शाबूत आहे. जाणत्या माणसाकडून ती चकती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर बहुधा सारे कागद हाती येतात. आमचा हिशेब अपडेटने गेला नव्हता, विजेनेही गेला नव्हता. तो गेला माझ्या "दे बाबा, लवकर दे" या शब्दांनी.

आता कोणी म्हणेल, आपण खेड्यातल्या बायका, आपला संगणक जुना, म्हणून असे झाले. तसेही नाही. मोठमोठ्यांची काय गत झाली ते पाहा.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या कंपनीचा धंदा संगणकांना पहारेकरी पुरविण्याचा. हा पहारेकरी प्रणालीचा भाग नव्हे. पण त्याला थेट माजघरात वावरण्याची मुभा असते, म्हणून तो तेथे अडखळला की सारे घरच बंद पडते. त्या दिवशी आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने पहारेकऱ्यासाठी एक नवी सूचना जगभर पाठविली. चूक ध्यानात येऊन ती मागे घ्यावयास ७८ मिनिटे लागली. तेवढ्या अवधीत विंडोज प्रणालीचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. जगातल्या विंडोज संगणकांच्या मानाने ही संख्या शेकडा एकाहूनही कमी. पण ते संगणक विमानतळांचे, रुग्णालयांचे, बँकांचे होते, म्हणून जग थांबल्यासारखे झाले. आपल्या देशात इंडिगो कंपनीने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर अकासा कंपनीने प्रवाशांच्या नोंदी हाताने घेतल्या. काही प्रवाशांना विमानात चढण्याचा परवाना पेनने लिहून मिळाला. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी कळविले की, दहा बँकांच्या व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळा आला.

चूक ती केवढी? पुढे कंपनीने स्वतःच ती सांगितली. नव्या सूचनेत २१ रकाने पाहावयास सांगितले होते, आणि संगणकातील आज्ञावली पुरवीत होती २०. पंगतीत वीस पाने मांडावी, आणि वाढपी एकविसाव्या पानावर भात वाढावयास जावा, तसे झाले. एकविसावे पान नव्हतेच. भात जमिनीवर आणि पंगत विस्कटलेली. रकाना एक, पण संगणक पंचाऐंशी लाख!

आणि उपाय? सूचना मागे घेतली तरी पडलेले संगणक आपण होऊन उठेनात, कारण नवी सूचना घेण्यापुरतेही ते जागे राहत नव्हते. शेवटी माणसाने एकेका संगणकापुढे बसून, तो साध्या अवस्थेत सुरू करून, ती एक सदोष फाईल हाताने पुसावयाची, असा मार्ग निघाला. ज्यांच्या चकतीला कुलूप होते त्यांना आधी ४८ अंकांची किल्ली भरावी लागली. ती किल्ली ज्यांनी त्याच यंत्रात लिहून ठेवली असेल त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. कोठारात किल्ली ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार!

या साऱ्यात एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ज्यांचे संगणक त्या ७८ मिनिटांत बंद होते, त्यांना काहीही झाले नाही. म्हणजे सूचना सर्वांना एकदम न पाठविता आधी थोड्यांना पाठविली असती, घटकाभर वाट पाहिली असती, तर हे संकट काही संगणकांवरच निभावले असते. कंपनीनेही पुढे तसेच टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे ठरविले.

दुसरे उदाहरण खास प्रणालीच्या अपडेटचेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोठे अपडेट काढले. ज्यांनी आपल्या कागदपत्रांची जागा पूर्वी बदलली होती, पण काही कागद जुन्या जागीच राहू दिले होते, अशा काहींचे ते जुने कागद या अपडेटने पुसून टाकले. नवे कपाट आले आहे, तेव्हा जुने रिकामेच असणार, असे समजून प्रणालीने जुने कपाट आतल्या वस्तूंसह काढून टाकले! ज्यांना हा फटका बसला ते शेकडा मोजता फार थोडे होते. पण ज्याचे गेले त्याचे सारेच गेले. काही दिवसांतच कंपनीने ते अपडेट थांबविले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा दिले.

हे ऐकून आपण म्हणाल, "मग अपडेट करूच नये!" मीही काही महिने तसेच केले. ते का चुकीचे, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एक भोक बुजविण्याचे साहित्य आले होते. पुष्कळांनी आळसाने म्हणा, भीतीने म्हणा, ते बसविले नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच भोकातून शिरला आणि सुमारे दीडशे देशांत पसरला. कागदांना कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांत नेमलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, दुसरा एक विषाणू आला. तो तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमध्ये कोणी दुष्टाने मिसळून दिला होता. त्याची झळ थेट आपल्या महाराष्ट्रात, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्यापर्यंत पोहोचली, आणि तेथील काम हाताने करावे लागले. नगरच्या कांद्याची वाट ज्या बंदराकडे जाते, तेच हे बंदर.

तेव्हा भगिनींनो, अपडेट केले तर पडण्याची भीती, न केले तर चोराची भीती. मग बाईने करावे तरी काय?

याचे उत्तर मला संगणकाच्या पुस्तकात सापडले नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी सापडले. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी भगिनीने गावठी वाल, भात, भाज्या यांचे वाण घरी जतन करून बियाण्याची बँक उभी केली. २०२० सालच्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचे नाव आले. नवे संकरित बियाणे आले तेव्हा घरोघरचे जुने वाण लोकांनी खाऊन संपविले किंवा टाकून दिले. राहीबाईंनी ते राखले.

आपल्या आया-आज्यांनी तरी दुसरे काय केले? नवे बियाणे आणले तर ते आधी बांधाकडेच्या वाफ्यात टाकावयाचे, सगळे रान एकदम त्याखाली घालावयाचे नाही. जुन्या बियाण्याचे मडके राख घालून, तोंड लिंपून उतरंडीत ठेवावयाचे. आणि पेरणीपूर्वी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून, किती उगवतात ते मोजून पाहावयाचे. नव्याला नाही म्हणावयाचे नाही. पण जुने हाताशी असल्यावाचून नव्याला हात घालावयाचा नाही. हाच नियम मी आता संगणकाला लावते.

त्याचा व्यवहारातील अर्थ थोडक्यात सांगते.

अपडेट करण्याआधी हिशेबाची प्रत काढा. जाणते लोक सांगतात की, महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. आपण एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर, आणि एक इंटरनेटवरील साठ्यात ठेवू शकतो. पेनड्राइव्ह संगणकालाच खोचून ठेवू नये. विषाणू आला तर तोही त्याबरोबर जाईल. आणि प्रत काढली म्हणून निश्चिंत राहू नका. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. ही आपली गोणपाटातली उगवण.

अपडेट सवडीने करा. मार्चअखेर, सर्वसाधारण सभेचा आदला दिवस, अर्ज भरण्याची शेवटची तारीख, अशा वेळी करू नका. प्रणालीत अपडेट काही दिवस थोपविण्याची सोय असते. मोठ्या अपडेटला आठ-दहा दिवस जाऊ द्यावे, म्हणजे दोष असला तर तोवर बोभाटा होतो. पण थोपविणे म्हणजे विसरणे नव्हे. भोक बुजविण्याचे काम महिनोन्‌महिने टाळू नका.

वीज पाहा. इन्व्हर्टर किंवा यू.पी.एस. असल्याखेरीज मोठे अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर तो पुरता भरलेला असावा आणि तारही लावलेली असावी. 'बंद करू नका' असे पडद्यावर असेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, बटण दाबू नका. भाकरी तव्यावर असता तवा उतरवीत नाहीत.

एकाहून अधिक संगणक असतील तर सर्वांवर एकाच दिवशी अपडेट करू नका. आधी एकावर करा, दोन दिवस काम करून पाहा, मग दुसऱ्यावर. क्राउडस्ट्राइकला पंचाऐंशी लाख संगणकांनी जे शिकविले ते आपण दोन संगणकांवर शिकू.

दुरुस्तीला देताना पहिले वाक्य हे म्हणा: "आधी माझे कागद बाजूला काढ, मला दाखव, मगच नव्याने भर." शक्य तर तसे चिठ्ठीवर लिहून द्या. आणि चकतीच्या कुलपाची किल्ली असेल तर तिचे आकडे कागदावर उतरून मंडळाच्या कपाटात ठेवा.

फार जुन्या संगणकांविषयीही एक शब्द. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या घरी अजून तीच प्रणाली आहे त्यांनी यंत्र नव्या प्रणालीला चालते का, हे जाणत्याला विचारावे. तोवर तरी बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

आणि शेवटी, पासबुक. थोरल्या आक्का समोर बसल्या आहेत. आक्का, त्या सभेत मी आपला शब्द मोडावयास निघाले होते. आपण पासबुके चालू ठेवली नसती तर आज या मंडळाचा वर्धापनदिन साजरा झाला असता की नाही, कोण जाणे. संगणक जलद आहे, बेरजेत चुकत नाही, तो हवाच. पण बेचाळीस घरांत बेचाळीस वह्या जपल्या गेल्या, आणि एका रात्रीत त्या साऱ्या जाणे शक्य नव्हते, ही आपली खरी ठेव होती. वाचता न येणाऱ्या बायांनी ती राखली, आणि वाचता येणाऱ्या बाईने घालविली.

भाषण संपविण्यापूर्वी मी मंडळाला दोन विनंत्या करते. पहिली अशी की, दर महिन्याच्या सभेत हिशेब वाचून दाखविल्यावर त्याची छापील प्रत काढून तीवर दोन सभासदांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, आणि ती प्रत हिशेबनिसाच्या घरी न ठेवता दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवावी. हिशेबनीस कितीही विश्वासू असली तरी. किंबहुना ती विश्वासू असेल तर तिच्याही बचावासाठी.

दुसरी विनंती करताना मला संकोच वाटतो, पण आज बोलले नाही तर पुन्हा धीर होणार नाही. आपल्या त्या ऊसतोडणी करणाऱ्या भगिनीचे दोन हप्ते, म्हणजे २,००० रुपये, तिने दोनदा भरले आहेत. मी ते घेतले होते, हे मी आज सर्वांसमोर सांगते. माझ्या पदरचे देऊ केले तेव्हा तिने घेतले नाहीत. म्हणाली, "तुमचे कशाला? मंडळाने म्हणावे की मी भरले होते." भगिनींनो, तिला पैसे नको आहेत, तिला वहीत तिची ओळ हवी आहे. पुढील सभेत ठराव करून ते दोन हजार तिच्या बचतखाती जमा करावेत, आणि कारणाच्या रकान्यात 'हप्ते पूर्वीच भरले होते' एवढे शब्द लिहावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ती रक्कम मंडळाला माझ्याकडून यावी, हेही त्याच ठरावात असावे.

आता वहिनी मला म्हणणार नाहीत की, हा दुकानदाराचा विषय होता!